सहा वर्षांचा कोंडा आणि मग्यातला शॅम्पू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 28, मूळच्या सोलापूरच्या, लग्नानंतर चार वर्षं पुण्यात. केस कमरेपर्यंत. कोंडा सहा वर्षांपासून. पाच निरनिराळे शॅम्पू, लिंबू, दही, सासूबाईंनी करून दिलेलं कापराचं तेल, सगळं करून झालं. मध्ये एका त्वचारोगतज्ज्ञांनी किटोकोनाझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा शॅम्पू दिला, त्याने तीनेक आठवडे छान वाटलं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता नाकाच्या कडेला आणि भुवयांमध्ये लाली येऊन पापुद्रे सुटतात, म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली एक क्रीम अधूनमधून लावता. आणि शेवटी विचारलंय, ‘हा कायमचा जाईल असं काही औषध आहे का? की पुण्याच्या बोअरच्या पाण्यामुळे होतंय आणि काही उपयोग नाही?’

आधी पाण्याचं निकालात काढते. पुण्यात येऊन चार वर्षं झाली आणि कोंडा सहा वर्षांचा आहे, हे तुमच्याच लिहिण्यात आहे. जड पाण्याने केस राठ होतात, शॅम्पूचा फेस नीट होत नाही, टाळू कोरडी वाटते. पण तुम्ही वर्णन केलाय तसा पिवळट, चिकट, नखात अडकणारा कोंडा पाण्याने होत नाही.

कायमचं औषध आहे का? नाही. 22 वर्षं हेच काम करतेय, ‘एका महिन्यात मुळापासून’ म्हणणाऱ्या जाहिराती तेव्हाही होत्या, आजही आहेत. पण तुमच्या प्रश्नात मला वेगळीच गोष्ट दिसली. तुम्ही लिहिलंय की औषध ‘चाललं नाही’. ते तर चाललं. तीन आठवडे चाललं. मग बाटली संपली, डोकं स्वच्छ दिसत होतं, तुम्ही थांबलात, आणि महिन्याभरात तो परत आला. जे लागू पडलं तेच बंद केलं, आणि नाव मात्र ‘हट्टी कोंडा’ पडलं.

हे असं का होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून थोडं मागे जाते. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावर मालासेझिया नावाची एक यीस्ट जातीची बुरशी राहते. 1874 मध्ये लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्याच्या पापुद्र्यांत ती पाहिली होती, नाव त्याच्यावरूनच पडलं. ही बाहेरून लागत नाही. तुमच्या नवऱ्याच्या डोक्यावरही आहे, माझ्याही आहे. तिला स्वतःला लागणारी स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती आपल्या टाळूतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. ते तेल फोडते, त्यातला तिच्या उपयोगाचा भाग खाते, आणि ओलेइक आम्लासारखे उरलेले तुकडे त्वचेवर टाकून देते. काही लोकांच्या त्वचेला हे उरलेलं सोसत नाही. तिथे दाह होतो, खाज सुटते, आणि एरवी महिनाभरात सावकाश झडणाऱ्या पेशी घाईघाईने, गठ्ठ्यागठ्ठ्याने सुटायला लागतात. तोच कोंडा. दाह वाढून लाली आली, पापुद्रे तेलकट पिवळे झाले, आणि नाकाच्या कडा, भुवया, कानामागची घडी, छातीचा मधला भाग इथेही पसरलं, की त्याला आम्ही सेबोऱ्हिक डर्माटायटिस म्हणतो. दोन वेगळे आजार नाहीत, एकाच जिन्याच्या खालच्या आणि वरच्या पायऱ्या आहेत. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्ही वरच्या पायरीवर आहात.

प्रयोगात असं दिसलं आहे की कोंडा होणाऱ्यांच्या टाळूला नुसतं ओलेइक आम्ल लावलं तरी पापुद्रे सुटतात, आणि ज्यांना कोंडा होत नाही त्यांना लावलं तर काहीच होत नाही. म्हणजे बुरशी सगळ्यांचीच, सोसण्याची ताकद ज्याची त्याची. एकाच कंगव्याने विंचरणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीलाच कोंडा का, याचं उत्तर यात आहे. आणि कायमचं औषध का नाही, याचंही. शॅम्पूने बुरशीची संख्या उतरते, ती संपत नाही. तुमच्या त्वचेचा स्वभाव तोच राहतो. औषध थांबलं की काही आठवड्यांत संख्या पूर्वपदावर.

आता तेल. यावर सासूबाईंशी वाद घालायला मी तुम्हाला सांगणार नाही, पण निदान तुम्हाला माहीत असू दे. आपल्याकडे पापुद्रे दिसले की ‘डोकं कोरडं पडलंय, तेल लाव’ हे ठरलेलं. दिसायला ते कोरडंच दिसतं, त्यामुळे सल्ला देणाऱ्याचा दोष नाही. पण ही बुरशी प्रयोगशाळेत वाढवायची असेल तर वाढीच्या माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात. मग रात्री डोकं तेलाने चोपडून, घट्ट वेणी घालून, सकाळी तसंच ऑफिसला गेल्यावर डोक्यात काय चालू असेल, विचार करा. दिवाळीनंतर महिनाभर माझ्याकडे या तक्रारीची गर्दी असते. थंडीने त्वचा बिघडलेली असतेच, त्यात अभ्यंगाचं निमित्त होऊन रोजचं तेल सुरू झालेलं असतं.

तेल पूर्ण बंद करा असंही म्हणत नाही. खपल्या जाड असतील तर न्हाण्याआधी अर्धा तास कोमट खोबरेल तेल टाळूला लावलं की त्या मऊ होऊन सुटतात. फक्त ते त्याच न्हाण्यात पूर्ण निघालं पाहिजे. केसांच्या टोकांना लावायचं असेल तर खुशाल लावा, टोकांना कोंडा होत नाही. कापराने गार वाटून खाज विसरायला होते, बाकी काही नाही. (घरात लहान मूल असेल तर ती बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात.) लिंबू मात्र थांबवाच. आधीच सोललेल्या त्वचेवर आम्ल चोळायचं, त्याने झोंबतं आणि त्या झोंबण्याला लोक ‘गुण येतोय’ समजतात. रस कपाळावर ओघळला आणि उन्हात गेलात तर काळे डाग पडतात ते वेगळंच. दह्याने नुकसान नाही, फायदाही मी पाहिलेला नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या, शिक्षिका, केस तुमच्यासारखेच लांब. तिसऱ्यांदा तेच, ‘मॅडम, शॅम्पूचा उपयोग नाही.’ मी चिठ्ठी बदलणार होते, तेवढ्यात सहज म्हटलं, कसा लावता ते करून दाखवा. त्या खुर्चीतच दाखवायला लागल्या. एका हातात काल्पनिक मगा, त्यात काल्पनिक पाणी, त्यात शॅम्पू ओतला, बोटांनी ढवळून फेस केला, मगा डोक्यावर उपडा केला, अंबाड्यासारखे गोळा केलेले केस चार वेळा दोन्ही हातांत चोळले, आणि लगेच दुसरा मगा पाणी. मी घड्याळ पाहत होते, पुरता अर्धा मिनिटही झाला नव्हता. औषध पाण्यात विरघळलं, केसांवरून घसरलं आणि मोरीत गेलं. टाळूला त्याचा वाससुद्धा लागला नसेल.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला करून दाखवायला सांगते. दहातले सात-आठ जण मगाच दाखवतात. साध्या शॅम्पूला ही पद्धत चांगलीच आहे, आईने आपल्याला तीच शिकवली, शॅम्पूही वाचतो. औषधाच्या शॅम्पूला ती चालत नाही. तो डोक्याच्या त्वचेला लावायचा लेप आहे, कंपनीने बाटलीत भरून त्याला शॅम्पू म्हटलंय इतकंच.

तुमच्या लांब केसांत तो असा लावा. आधी साध्या शॅम्पूने केस धुऊन तेल आणि धूळ काढून टाका, हवं तर मग्यातच कालवून. जास्तीचं पाणी निथळू द्या. मग बोटांनी भांग पाडा, कपाळापासून मागेपर्यंत, आणि औषधाचा शॅम्पू थेंबाथेंबाने त्या भांगात उघड्या कातडीवर सोडा. दोन बोटं सोडून दुसरा भांग, मग तिसरा. कानामागे आणि मानेवरच्या केसांच्या कडेला विसरू नका, तिथे सगळे विसरतात. बोटांच्या पेरांनी चोळा. नखं नकोत. नखांनी खपली निघते तशी त्वचाही सोलते, आणि दुसऱ्या दिवशी खाज दुप्पट. आता पाच मिनिटं थांबायचं, आणि पाच म्हणजे मोबाइलवर लावलेली पाच. अंघोळीत अंदाजाने मोजलेली पाच मिनिटं दीड मिनिटाची असतात. तेवढ्यात अंग घासून घ्या. फेस नाकाच्या कडांना, भुवयांना आणि कानामागे थोडा लागला तर बरंच, डोळे तेवढे मिटलेले ठेवा. मग भरपूर पाण्याने धुवा. कंडिशनर लावायचं तर अर्ध्यापासून खालच्या केसांना. ओले केस पंचात गुंडाळून तासभर तसेच ठेवू नका, आणि ओली वेणी घालून बाहेर पडू नका.

किटोकोनाझोल 2 टक्के असेल तर आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. तुम्ही आठवड्यातून एकदाच, रविवारी न्हाता असं लिहिलंय. मला कळतं, एवढे केस वाळवायला अर्धा दिवस जातो. पण या महिन्यापुरतं बुधवारी आणि रविवारी जमवाच. पहिल्या दोन आठवड्यांत खाज कमी होते, पापुद्रे नंतर. आणि चौथ्या आठवड्यात डोकं स्वच्छ दिसलं की जे तुम्ही मागच्या वेळी केलं नाहीत ते करायचं: थांबायचं नाही, कमी करायचं. आठवड्यातून एकदा, दोनेक महिने. मग पंधरा दिवसांनी एकदा, आणि ते चालू ठेवायचं. थंडीत, परीक्षा किंवा प्रोजेक्टच्या धावपळीत, झोप तुटली की तो डोकं वर काढतो. तेव्हा दोन आठवडे पुन्हा दोनदा.

एवढं नीट करूनही फरक नसेल तर औषध बदलायचं, आणि इथून पुढे ते माणसापरत्वे ठरतं. सेलेनियम सल्फाइड चांगलं आहे, पण त्याला वास येतो, रंगवलेल्या केसांचा रंग बिघडू शकतो, आणि लावताना चांदीचे दागिने काढून ठेवावे लागतात. झिंक पायरिथिऑन सौम्य, खालच्या पायरीवरच्या कोंड्याला पुरतं. (2022 पासून युरोपीय संघाने ते सौंदर्यप्रसाधनांतून काढलंय, त्यामुळे तिकडे राहणारी पुतणी इथून बाटल्या मागवत असेल तर नवल नाही.) सायक्लोपिरॉक्स हे बुरशीवरचं औषध, हाही एक पर्याय. खपल्या इतक्या जाड असतील की शॅम्पू खाली पोचतच नाही, तर आधी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं लोशन किंवा डांबराचा शॅम्पू देऊन त्या उतरवाव्या लागतात. लाली आणि खाज फार असेल तर स्टिरॉइडचं लोशन आम्हीही देतो, आठवडा-दोन आठवडे, दाह शमवायला. बुरशीवर त्याचा काही परिणाम नाही, म्हणून ते एकटं कधीच द्यायचं नसतं. इट्राकोनाझोलच्या गोळ्या क्वचित, फार पसरलेलं असेल तरच. किटोकोनाझोलची गोळी कुणी लिहून दिली तर मात्र घेऊ नका. शॅम्पू रक्तात जवळजवळ जात नाही, गोळी जाते, आणि यकृताला इजा होण्याच्या धोक्यामुळे 2013 मध्ये युरोप-अमेरिकेत तिच्यावर कडक निर्बंध आले. आणि तुम्ही गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, निवड बदलते.

आता ती चेहऱ्याची क्रीम. तुमच्या संपूर्ण प्रश्नात मला काळजी वाटली ती या एका ओळीची. तुम्ही लिहिलंय, ‘लावली की दोन दिवसांत जातं, सोडली की जास्त येतं.’ आत्ता उठून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. 2018 मध्ये सरकारने अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत या यादीत टाकली, तरी ती काउंटरवर मिळतातच, तीन-तीन औषधांची भेळ करून. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावल्याने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुरळ येतं, नको तिथे लव वाढते, आणि सोडलं की चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल होतो. मग माणूस घाबरून पुन्हा लावतो. ते स्टिरॉइड निघालं आणि बरेच दिवस लावत असाल तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. कसं सोडवायचं ते त्वचा पाहून ठरतं. पुढचे काही आठवडे त्रासाचे जातील, तो मूळ आजार वाढला असं समजू नका. नाकाच्या कडांना किटोकोनाझोलची साधी क्रीम बहुतेक वेळा पुरते. नाही पुरली तर टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं, दाह शमवणारं मलम आहे, त्याने त्वचा पातळ होत नाही, पहिले काही दिवस जळजळतं एवढंच.

हे सगळं मी तुमचं निदान बरोबर आहे असं धरून लिहिलं. ते धरून चालण्यात मी स्वतः एकदा फसले आहे. सुरुवातीच्या काळात एका रिक्षावाल्या दादांना आठ महिने कोंड्याचंच औषध देत होते. येत, पैसे देत, जात, गुण नाही. एक दिवस सुटे मोजताना त्यांचा हात टेबलावर आला आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले. बाही वर करायला सांगितली. कोपरावर चांदीसारखा पांढरा चट्टा. सोरायसिस! आठ महिने मी फक्त डोकं बघत होते. तुम्ही आज घरी आरशात एवढं पाहा: खपल्या जाड, चंदेरी, केसांची रेषा ओलांडून कपाळावर उतरलेल्या आहेत का, कोपर-गुडघ्यांवर काही आहे का, नखांवर खड्डे आहेत का. असतील तर रस्ता वेगळा. कधी दोन्ही एकत्रही असतं, आणि तेव्हा आम्हीही लगेच खात्रीने सांगू शकत नाही. केस रंगवल्यानंतर दोन-तीन दिवसांत खाज आणि सूज आली असेल तर ती डायची अ‍ॅलर्जी असू शकते. काळी मेंदी म्हणून विकतात त्यातही बहुधा डायमधलं तेच अ‍ॅलर्जीचं रसायन असतं. आणि शाळेतल्या मुलाच्या डोक्यावर कोंड्यासोबत केस तुटलेला गोल चट्टा असेल तर तो कोंडा नाही, गजकर्ण आहे. त्याला पोटातून औषध लागतं, शॅम्पूवर वेळ घालवू नये.

रक्ताच्या तपासण्या कराव्यात का, असंही विचारलंय. सहा वर्षं एकाच पातळीवर असलेल्या, एरवी ठणठणीत बाईला मी करत नाही. काही आठवड्यांत अचानक चेहरा-छातीभर पसरलं, वजन उतरतंय, ताप येतोय, असं असेल तर एचआयव्हीसकट काही तपासण्या करते. भीती घालायला नाही लिहिलं, लपवायलाही नको.

केस गळून टक्कल पडेल ही भीती सोडा. खाजवून केस तुटतात आणि दाहामुळे थोडे जास्त झडतात, दाह शमला की परत येतात. भांग रुंद होत चालला असेल तर ते कारण वेगळं, वेगळं दाखवा. खाण्याचं म्हणाल तर वडापाव बंद करून कोंडा गेलेला मी एकही माणूस पाहिला नाही. पार्लरच्या ‘अँटी-डँड्रफ स्पा’चे पैसे वाचवा, त्यात वाफ आणि तेलच असतं.

तर या महिन्यात बुधवार-रविवार, भांग पाडून, पाच मिनिटं घड्याळ लावून. क्रीमची ट्यूब आजच वाचायची. चार आठवडे हे खरोखर करूनही फरक नसेल, किंवा नखं-कोपरांवर काही दिसलं, तर तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे परत जा. जाताना एक करा. बहुतेक बाया डॉक्टरांकडे जायचं म्हणून सकाळी स्वच्छ न्हाऊन येतात आणि मला बघायला काही उरत नाही. दोन-तीन दिवस न न्हाता, तेल न लावता जा, लाजू नका. आणि एका पिशवीत घरातल्या सगळ्या बाटल्या, ट्यूबा, डाय, मेंदीचं पाकीट घेऊन जा. सासूबाईंचं कापराचं तेलसुद्धा.